सव्वाअकरा ते साडेतीन

३ मार्च

चिरंजीव धाकट्यास,

अक्काचे आशीर्वाद, पाकिटात मावतील तेवढे. उरलेले फोनवर.

मी इकडे बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी गुडघ्याच्या. दुकानही ठीक. सभागृहाच्या खुर्च्यांचं काम हळूहळू चाललंय, त्याची काळजी तू करू नकोस.

तू म्हणशील, फोन असताना हिला पत्राची हुक्की कुठून आली? हुक्की माझी नाही. तुला बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईंनी तुझ्या चिमणीला सांगितलं म्हणे, की यांना ओळखीच्या माणसाच्या हातचं काहीतरी वाचायला द्या, मोठ्या अक्षरात, रोज थोडं थोडं आणि मोठ्यांदा. वर्तमानपत्र दिलं तर भिरकावतात. (भिरकावणारच. धडधाकट होतास तेव्हा तरी कुठे वाचत होतास?) म्हणून लहान मुलं वापरतात ती दुरेघी वही आणली. दुकानदार म्हणाला, "आजी, नातवाला का?" म्हटलं, "नाही हो, भावाला. सहासष्ट वर्षांचा आहे, नुकताच पहिलीत गेलाय." रागावू नकोस. हसू आलं तर हस, एका बाजूने हसलास तरी चालेल.

अक्षर लागत नसेल तर दोष माझा. मी तिसरीतून घरी बसलेली. वाचायला कुठे शिकले ते तुला माहीतच आहे: जुन्या खुर्च्यांच्या पोटात. बैठक उसवली की काथ्याखाली जुनी वर्तमानपत्रं निघायची, बाबा ती चुलीत घालायच्या आधी मी पळवायची. जगातल्या सगळ्या बातम्या मला वीस-वीस वर्षं उशिरा कळल्या, पण कळल्या.

आता कामाचं. तुला व्यायाम देणाऱ्या ताई वाटाणे उचलायला लावतात आणि तुला ते पोरखेळ वाटतं, असं कळलं. वाटाण्यांचा राग मलाही समजतो. म्हणून सोबत चाळीस बटणं पाठवते आहे, आपलीच, कापड चढवलेली, हिरव्या मखमलीची. ज्या हाताने हजारो बटणं सोफ्यांच्या पाठीत ओढून बसवली त्या हाताला ती ओळखीची वाटतील. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायची. उजव्याच हाताने. डाव्याने लबाडी केलीस तर चिमणी चहाडी करणार आहे, तसं ठरलंय आमचं.

दाताच्या डॉक्टरांचा तो लांब सोफा आठवतो का? बसणारा माणूस थेट जमिनीला टेकायचा, गुडघे कानाशी. ते टाकायलाच निघाले होते. तू उलटा करून त्याच्या पायांवर, चौकटीवर टकटक केलीस आणि म्हणालास, "लाकूड धड आहे ना? मग बाकीचं आपलं काम." एकेक स्प्रिंग सुतळीने पुन्हा बांधलीस. अकरा दिवस लागले. आज त्याच्यावर बसून लोक दात काढून घेण्याची वाट बघतात आणि बसणं तरी सुखाचं होतं. तुझं लाकूड धड आहे, धाकट्या. डॉक्टरांनी टकटक करून पाहिलंय.

शेजारचा चष्मेवाला रोज विचारतो. परवा म्हणाला, "ठोकण्याचा आवाज नाही तर माझं नंबर तपासण्यात लक्षच लागत नाही." तीस वर्षं त्याच आवाजाबद्दल तक्रार करत होता हा गृहस्थ.

एकच सांगायचं राहिलं. चिमणी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आत्या होती म्हणून बाबा वाचले." तिला म्हणावं, असं चारचौघांत बोलत जाऊ नकोस. मी काय केलं? साडेतीनला तू खाली पडलेला दिसलास, मी ओरडले, चष्मेवाल्याने गाडी आणली. ओरडायला काय अक्कल लागते?

एका दमात वाचू नकोस. रोज पाच ओळी.

तुझी,
अक्का


२१ मार्च

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद. आज जरा जास्त, कारण बातमीच तशी आहे. नऊ दिवसांत माझं पत्र संपवलंस! "पहिलीत गेलाय"वर तू हसलास आणि पाणी सांडलंस, तेही कळलं. आणि सात बटणं! चिमणी म्हणाली "फक्त सात", तर मी तिला फोनवरच झापलं. म्हटलं, तुझा बाप पहिल्यांदा हातोडी शिकत होता तेव्हा दिवसभरात तीन खिळे सरळ गेले होते, आणि चौथा अंगठ्यात.

तुझ्या बोलण्याच्या बाईंनी निरोप पाठवलाय, की पत्रात यांच्या कामाबद्दल लिहा, ते शब्द यांना लवकर सापडतात. बाई, हे तुम्हीही वाचणार म्हणून तुम्हाला समजेल असं लिहिते. आमच्या गादीकामात दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळे कुठे ठेवायचे? तर तोंडात. पंधरा-वीस बारीक खिळे गालात, जिभेने एकेक ओठांशी आणायचा, टोक आत आणि डोकं बाहेर. हातोडीला चुंबक असतो, तो ओठांवरून खिळा टिपायचा की टक्, कापडात. हा माणूस असे खिळे तोंडात ठेवून बोलूही शकायचा. म्हणजे तो बोलायचा आणि फक्त मला समजायचं. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी भाषांतर करायची.

आणि रुसला की हाच धंदा. भांडण झालं की हा मुठीने खिळे तोंडात भरायचा. काही विचारलं की "मम्". जेवायला येतोस का? "मम्". धाकट्या, तुझी बायको होती तेव्हा म्हणायची, "अक्का, माझं लग्न तुमच्या भावाशी झालं की खिळ्यांच्या डब्याशी?" ती गेल्यावर तर विचारायलाच नको. एकदा सहा दिवस असा बसला होतास, कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही. सातव्या दिवशी सगळे खिळे तळहातावर काढलेस आणि म्हणालास, "अक्का, चहा."

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी नऊची. तेव्हाही तू असाच गप्प बसायचास, फक्त तेव्हा खिळे नव्हते. मी तुला गुदगुल्या करून बोलता करायची. आता एवढ्या लांबून गुदगुल्या करता येत नाहीत म्हणून हे पत्र.

तू "घर, घर" म्हणतोस असं चिमणीने सांगितलं. ये ना. घर तुझंच आहे. पण जिना तू पाहिलायस, उजव्या बाजूला धरायला काही नाही. सुताराला कठडा लावायला सांगितलंय. सुतार म्हणजे काय ते तू जाणतोस, आज येतो म्हणाला की तो कुठल्या वर्षीचा आज ते विचारून घ्यावं लागतं. शिवाय दुकानात रंगाचा वास आहे. थोडा धीर धर. तिथे चिमणीकडे लिफ्ट आहे, बाई आहेत, ताई आहेत. इथे काय आहे? एक म्हातारी.

त्या दिवसाचं तुला काही आठवतं का रे? चिमणी म्हणते, विचारलं तर तू मान फिरवतोस. डॉक्टर म्हणाले होते, अशा वेळचं बरेचदा पुसून जातं. गेलं असेल तर बरंच आहे. उगाच आठवायचा प्रयत्न करू नकोस, त्याने डोक्याला शीण होतो.

आता बटणं दहावर ने.

तुझी,
अक्का


९ एप्रिल

धाकट्या,

काल चिमणीचा फोन आला. ती रडत होती. तू बटणांची वाटी भिंतीवर फेकलीस, चार दिवस ताईंना हात लावू देत नाहीस, पत्र वाचत नाहीस. आणि चिमणी म्हणाली, "आत्या, बाबांना वाटतंय की तुला ते असे नकोसे झालेत. मी घरी न्यायचं म्हटलं की तू दर वेळी नवीन काहीतरी काढतेस. आधी कठडा, मग रंग, मग गुडघा. खरं सांग, आत्या, तुला झेपणार नाही असं वाटतंय का?"

मी "छे गं" म्हणाले आणि दूध उतू चाललंय असं सांगून फोन ठेवला. दूध नव्हतंच गॅसवर.

कठडा लागून तीन आठवडे झाले. सुतार बिचारा सांगितल्या दिवशीच आला होता, त्याची मी फुकट बदनामी केली. रंग तर कुणी लावलाच नाही. सभागृहाच्या खुर्च्याही चाललेल्या नाहीत, त्या मी फेब्रुवारीतच परत पाठवल्या. मशिनवर चादर टाकून ठेवलीय. तू पडलास त्या दिवसापासून मी एक टाका घातलेला नाही.

तू मला नकोसा झालेला नाहीस. मला तुझी भीती वाटते. एवढंच आहे, आणि ते कठड्याने भागणारं नाही.

चिमणे, हे तू वाचून दाखवत असशील तर बस जरा.

मी सगळ्यांना सांगितलं की साडेतीनला तू पडलेला दिसलास. ते खरंच आहे. पण त्याआधी तू माझ्याकडे आला होतास. सव्वाअकरा वाजले होते. समोर घड्याळ होतं म्हणून माहीत आहे. मी कापड बेतत होते. तू टेबलाशी येऊन उभा राहिलास आणि काहीतरी बोललास. शब्द सगळे एकमेकांत कालवल्यासारखे. आपलं चार दिवस भांडण चाललं होतं, तू चार दिवस तोंड भरून बसला होतास. मला वाटलं, तोंडात खिळे आहेत. मी म्हणाले, "आधी तोंडातले खिळे काढ, मग बोल माझ्याशी." आणि मशीन सुरू केलं. तू गेलास.

मग साडेतीन.

दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचे धड कधी होते?" मी म्हणाले, "आठला चहा प्यायला तेव्हा. नंतर मी पाहिलं नाही." ते म्हणाले, रक्ताची गाठ विरघळवण्याचं एक इंजेक्शन असतं, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार झाले होते. मी बोटांवर मोजलं. पाच तास. सव्वाअकरालाच निघालो असतो तर बारापर्यंत पोचलो असतो. कदाचित हात वाचला असता. कदाचित नसताही. ते "कदाचित" मी रोज सकाळी चहाबरोबर पिते.

असं झालं. मला कळलं नाही, धाकट्या. पण माझ्या न कळण्याची शिक्षा तू स्वतःला देऊ नकोस. बटणं गोळा करून घे. हात माझ्यावर उगारण्यासाठी तरी वर आणायला शीक.

तुझी,
अक्का


१८ एप्रिल

चिमणे,

हे पत्र आधी तुला आणि मग तुझ्या बाबांना. फोनवर तुला सांगितलंच आहे, माझं पत्र हाती पडेपर्यंत सोमवारी त्यांना त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ नकोस. तू विचारलंस, "असं काय आहे पत्रात, आत्ताच सांग ना." फोनवर मी पुन्हा अर्धंच सांगितलं असतं. तू "असू दे आत्या" म्हणाली असतीस आणि मी असू दिलं असतं. मागच्या वेळी तेच झालं.

मागचं पत्र वाचून तू लगेच फोन केलास. म्हणालीस, "आत्या, किती दिवस हे मनात ठेवून बसलीस? अगं, कुणालाही तसंच वाटलं असतं. चाळीस वर्षं जो माणूस तोंडात खिळे ठेवून बोलतो, त्याचं बोलणं जड आलं तर दुसरं काय वाटणार?" मी डोळे पुसले. तुझी माफी मी अशी घेतली जशी कुणी वाढलेलं पान घेतं. दोन रात्री शांत झोपले, खोटं कशाला सांगू.

मग परवा तुझा फोन. म्हणालीस, बाबा आता नवीनच करायला लागलेत. कुणीही समोर आलं की आ करून तोंड उघडून दाखवतात. डाव्या हाताचं बोट घालून गाल ओढतात, आतून दाखवतात. बोलण्याच्या बाईंना, ताईंना, जावयांना, दूधवाल्यालासुद्धा. तुम्हाला वाटलं दाढ दुखतेय, दाताच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले दात ठणठणीत आहेत. घरी आल्यावर पुन्हा आ. आणि "मिटा आता, बाबा" म्हटलं की रडतात. तू म्हणालीस, "आत्या, डोक्यावर परिणाम झालाय असं वाटतं. मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, गोळ्या सुरू करू म्हणतात." मी विचारलं, हे कधीपासून? तू म्हणालीस, "तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळपासून."



चिमणे, तुझ्या बाबांना वेड लागलेलं नाही. ते मला खोटं पाडताहेत, आणि बरोबर पाडताहेत.

आता नीट सांगते. भांडण कशावरून होतं तेही मी मागे गाळलं. सभागृहाच्या साठ खुर्च्या मी त्यांना न विचारता घेतल्या, महिन्याच्या बोलीवर. बाबा म्हणाले, "अक्का, एवढं नको. हल्ली हात जड वाटतो, बोटांना मुंग्या येतात." मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "काम दिसलं की तुझा हात जड होतो. जेवताना बरा हलका असतो." चष्मेवाला समोर होता, तो हसला. बाबांनी मूठभर खिळे तोंडात टाकले आणि चार दिवस बोलले नाहीत.

चौथ्या दिवसापर्यंत माझं डोकं फिरलं. त्या "मम्"चा मला आयुष्यभर राग होता. मी म्हटलं, बघतेच आता कसा बोलत नाही. पाचव्या दिवशी सकाळी सातला, ते उठायच्या आधी, खाली गेले. दुकानात खिळ्यांचे तीन डबे होते. तिन्ही उचलले. बाकावर सांडलेले, हातोडीला चिकटलेले, सगळे वेचले. माझ्या टेबलाच्या खणात घातले आणि खणाला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. म्हटलं, आता खिळे हवे असतील तर तोंड उघडून मागावे लागतील.

साडेआठला ते खाली आले. डबे नाहीत. एक शब्द नाही. मानीच माणूस! उसवायचं हत्यार घेतलं आणि खुर्च्यांचं जुनं कापड उसवत बसले. त्याला खिळे लागत नाहीत. मी मशीनआडून बघत होते आणि मनात म्हणत होते, उसव, किती उसवशील, शेवटी येशीलच माझ्याकडे.

सव्वाअकराला आले.

मी जिंकले असं वाटलं मला. चिमणे, तुझा बाप मरणाच्या दारातून चालत माझ्या टेबलापाशी आला आणि मला वाटलं मी जिंकले.

ते बोलले. कालवलेलं. मला माहीत होतं त्यांच्या तोंडात खिळे नाहीत. दुकानात एक खिळा नव्हता. सगळे माझ्या खणात होते. तरी मी म्हणाले, "आधी तोंडातले खिळे काढ, मग बोल." चिडवायला म्हणाले. म्हणजे कसं, बघ, आता तुझ्याकडे लपायला काही नाही, अशा अर्थाने.

तेव्हा त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आ केला. बोट घालून गाल ओढला, डाव्या हाताने. एक बाजू खाली आली होती. मी पाहिलं. एका हाताच्या अंतरावरून पाहिलं. आणि मला वाटलं, वेडावतोय मला. लहानपणी वेडावायचा तसा, तोंड वाकडं करून. मी म्हणाले, "म्हातारा झालास तरी चाळे जात नाहीत." पाठ फिरवली आणि मशीन सुरू केलं.

ते लगेच गेले नाहीत. हेही मी सांगितलं नव्हतं. माझ्या पाठीशी उभे होते. सावली कापडावर पडली होती माझ्या. मी ती सगळी बाही... बाही कसली, खुर्चीची पूर्ण पाठ शिवून काढली त्या सावलीत, आणि मागे पाहिलं नाही. मग सावली गेली.

नंतर चार तास दुकानात आवाज नव्हता. ठोकण्याचा नाही, उसवण्याचा नाही. मला वाटलं, बसलाय फुगून. बसू दे. मी चहासुद्धा एकटीचा केला.

तेव्हा मला कळलं नाही असं जे मी लिहिलं, ते खरं नाही. झटका आहे हे कळलं नाही, तेवढंच खरं. पण तोंडात खिळे आहेत असं मला एक क्षणभरही वाटलं नव्हतं. ती गोष्ट मी नंतर रचली, कारण ती ऐकायला बरी वाटते आणि तुला माफ करायला सोपी जाते. तुझ्या बाबांना ती वाचून दाखवलीस तेव्हा ते अर्ध्या जिभेने दुसरं काय करू शकत होते? पुरावा दाखवत सुटले. दूधवाल्यालासुद्धा.

हे डॉक्टरांना सांग. सगळं सांग, माझी लाज राखू नकोस. गोळ्या नकोत त्यांना. ज्या माणसाने पत्र ऐकलं, समजून घेतलं, त्यातली लबाडी ओळखली आणि इतके दिवस एकट्याने लढा चालवला, त्याचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा ताळ्यावर आहे.

आता इथून पुढचा कागद फाडून त्यांच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस. वेळ लागेल, लागू दे. वाचून झाल्यावर जे काही म्हणतील ते मला फोनवर सांग, जसंच्या तसं. शिवी असली तरी. शिवी असली तर दोनदा सांग.

*

धाकट्या,

मी पाहिलं होतं.

तोंडात काही नव्हतं. तुझं खरं होतं, माझं खोटं. आता चिमणीला लिहून कळवलंय, ती सगळ्यांना सांगेल. तुला आणखी कुणाला दाखवायला नको.

मिट तोंड. जबडा दुखत असेल.

मी शुक्रवारी येते आहे. सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. तुला घरी न्यायला येत नाही. यायचं की नाही, माझ्या घरात राहायचं की नाही, ते तू ठरवायचं. मी तुझं बोलणं ऐकायला येते आहे. एका शब्दाला तासभर लागला तरी लागू दे. मी तुझ्यासमोर बसेन आणि तुझं वाक्य संपेपर्यंत मान वळवणार नाही. मग ते वाक्य "अक्का, चालती हो" असलं तरी. आणि तसं असेल तर तेवढं तरी स्पष्ट म्हणता यावं म्हणून बाईंकडे रोज बसत जा. माझ्यासाठी नको. तुझ्या रागासाठी कर. तो खरा आहे, त्याला धड शब्द मिळायला हवेत.

चार वर्षांचा होतास तेव्हा तू माझ्याशिवाय कुणाकडे जात नव्हतास. त्या दिवशीही माझ्याकडेच आलास.

तुझ्यासमोर येण्याचं तोंड नसलेली, तरी येणारी,
अक्का